मुंबईतील किल्ले, मैदाने आणि बागा : कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

शीवचा रहिवासी (धागाकर्ता)

नमस्कार. हिवाळ्यात अकोल्याहून माझे काका, काकू आणि त्यांची दहावीत शिकणारी नात मुंबईत येत आहेत. गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि सिद्धिविनायक त्यांचे पूर्वीच पाहून झालेले असल्यामुळे या वेळी जुनी मुंबई दाखवावी, असा काकांचा आग्रह आहे. हाताशी दोनच दिवस आहेत.

मुंबईतील किल्ल्यांच्या ज्या याद्या आंतरजालावर फिरतात, त्या बहुतेक रेल्वेमार्गांप्रमाणे केलेल्या असतात. पश्चिम मार्गावर वांद्रे आणि माहीम, हार्बरवर शिवडी, मध्य मार्गावर शीव. प्रवासाच्या सोयीसाठी हे ठीक आहे, परंतु अशा क्रमाने पाहिल्यास प्रत्येक किल्ला म्हणजे एक पडका बुरूज, एवढेच लक्षात राहते. माझा विचार असा आहे की हे किल्ले ज्या दिशेकडे तोंड करून उभे आहेत आणि ज्या शत्रूच्या धास्तीने बांधले किंवा मजबूत केले गेले, त्या क्रमाने ते पाहावेत. शीवच्या टेकडीवरील किल्ला हे त्याचे सोपे उदाहरण. जेराल्ड ऑन्जियर हा १६६९ ते १६७७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्याच्याच कारकिर्दीत हा किल्ला उभा राहिला. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीची हद्द येथे संपत होती आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांकडे होती. आज वर चढून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पाहिले की रेल्वेचे रूळ, इमारती आणि लांबवर मिठागरांचा पट्टा दिसतो. पण टेकडीची जागा नेमकी का निवडली, हे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

माहीम आणि वांद्रे या किल्ल्यांची जोडीही अशीच आहे. माहीमचा किल्ला इंग्रजांकडे होता आणि समोरचा वांद्र्याचा, पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला कास्तेला द आग्वादा त्यांच्याकडे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे वाहतुकीस खुला होईपर्यंत या दोहोंमध्ये केवळ खाडीचे पाणी होते. एका किल्ल्यावरून दुसरा दिसतो, हीच त्यातली खरी पाहण्याची गोष्ट आहे आणि म्हणून ते दोन्ही लागोपाठ पाहावेत, असे मला वाटते.

बागा आणि राजवाडे यांच्याविषयी माझी माहिती तोकडी आहे. जाणकारांनी भर घालावी.

गडवाट

आपला आराखडा वाचला. मतभेद नोंदवतो, राग नसावा. ज्याने रायगड, राजगड किंवा निदान वसईचा किल्ला पाहिला आहे, त्याला शीव आणि वरळीचे हे लहानसे कोट दाखवण्यात मला फारसे प्रयोजन दिसत नाही. ही कंपनीची पहाऱ्याची ठाणी आहेत. येथे ना बालेकिल्ला, ना टाकी, ना चढाचा कस. शिवाय हा आपल्या माणसांचा इतिहासही नव्हे. काकांना किल्लेच पाहायचे असतील, तर एक पूर्ण दिवस वसईला द्यावा.

शीवचा रहिवासी

वसईला अवश्य जावे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र हा आपला इतिहास नव्हे, हे विधान मला मान्य होण्यासारखे नाही, आणि त्याचे कारण धारावीतच आहे.

शीव आणि माहीम यांच्या मध्ये, मिठी नदीच्या बाजूला रीवाचा किल्ला आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात आणि शेजारच्या बेस्टच्या आगारालाही तेच नाव आहे. त्याच्या भिंतीवर इंग्रजी शिलालेख असून, मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेवरून तो १७३७ मध्ये बांधला, असे त्यावर कोरलेले आहे. आता १७३७ हे साल आठवून पाहावे. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टीवर आपला अंमल बसवला. पुढे दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज शेजारी जाऊन मराठे शेजारी आले, तेव्हा मुंबईतील इंग्रजांनी काय केले, याची नोंद या भिंतीवर दगडात आहे.

त्याच धामधुमीत वांद्र्याच्या किल्ल्याचा बराचसा भाग पाडण्यात आला, कारण तो मराठ्यांच्या हाती पडला असता तर माहीमची खाडी त्यांच्या तोफांच्या माऱ्यात आली असती. वसई पडल्यानंतर खुद्द मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. म्हणजे साधारण पस्तीस वर्षे शीवच्या टेकडीवरचा पहारेकरी पलीकडे पाहत होता, तो मराठ्यांचा मुलूख होता. आपण एरवी गडावरून शत्रूकडे पाहतो. येथे शत्रूच्या तटावरून आपल्याकडे पाहता येते. वसई पाहिलेल्या माणसाने तर हे किल्ले आवर्जून पाहावेत, कारण त्या मोहिमेचा दुसरा अर्धा भाग येथे आहे.

गडवाट

१७३७ चा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. मुद्दा मान्य आहे. तरीही किल्ला पाहणे आणि किल्ल्याविषयी वाचणे यांत फरक असतो, आणि काळ्या किल्ल्यापाशी पाहण्याजोगे फार थोडे उरले आहे, हे आपणही नाकारणार नाही.

माझगाव_डोंगरी

शत्रूच्या क्रमाने पाहण्याची कल्पना मला अतिशय आवडली, परंतु आपल्या आराखड्यात पूर्व किनारा अगदीच मागे राहिला आहे. उत्तरेकडे पोर्तुगीज आणि नंतर मराठे, तसे पूर्वेकडे जंजिऱ्याचे सिद्दी.

शिवडीचा किल्ला १६८० च्या सुमारास ठाण्याच्या खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधला गेला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मोठे सैन्य घेऊन याच बाजूने उतरला. त्याने शिवडी घेतली, माझगाव घेतले आणि इंग्रजांना मुंबईच्या मुख्य कोटात कोंडून टाकले. जवळजवळ सगळे बेट त्याच्या ताब्यात होते. सुटका झाली ती लढून नव्हे. कंपनीने औरंगजेबापुढे नमते घेऊन दीड लाख रुपये दंड भरल्यानंतर १६९० च्या जूनमध्ये सिद्दी माघारी गेला आणि जाता जाता माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. त्यानंतर रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभारून सिद्दीचा पुढचा हल्ला परतवला, असे परंपरेने सांगितले जाते.

माझगावचा तो किल्ला पाहायचा असेल तर डॉकयार्ड रोड स्थानकाबाहेरच्या टेकडीवरील जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात जावे. किल्ल्याचा आता मागमूस नाही. टिळकांचे सहकारी आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा यांचे नाव या बागेला आहे आणि बागेखाली पाण्याचा जलाशय आहे. वरून माझगाव गोदीतील उभी जहाजे आणि क्रेन एवढ्या जवळून दिसतात की बंदरावर पहारा ठेवायला जागा येथेच का हवी होती, हे शाळकरी मुलीलाही सांगावे लागणार नाही. किल्ला आणि बाग या दोहोंची आपली अट एका ठिकाणी पुरी होते.

शिवडीच्या किल्ल्याची अवस्था मात्र पुष्कळ बरी आहे. पुढे तो कैदखाना म्हणून आणि नंतर बंदर खात्याचे गोदाम म्हणून वापरात राहिल्यामुळे त्याच्या भिंती टिकल्या. दरवाजातून आत गेल्यावर सरळ वाट मिळत नाही, वळावे लागते. हल्लेखोराचा वेग मोडण्यासाठी ही रचना असते, हे गडवाट यांना सांगायला नको. खाली चिखलपट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जावे, कारण पूर्ण ओहोटीला पक्षी फार आत गेलेले असतात आणि ऐन भरतीला चिखलच दिसत नाही. अटल सेतू येथूनच सुरू होत असल्याने किल्ल्यावरून तोही लांबवर दिसतो.

बागवान

बागांविषयी लिहितो. आपल्याकडे राणीचा बाग म्हटले की वाघ, पाणघोडे आणि २०१७ पासून पेंग्विन एवढेच डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ती आधी वनस्पतींची बाग आहे, प्राणी मागाहून आले.

या बागेचा उगम शिवडीतच आहे, हे माझगाव_डोंगरी यांना विशेष वाटेल. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. भायखळ्याला नवी बाग तयार झाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शिवडीच्या जुन्या बागेची जागा १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमीला दिली गेली आणि ती आजही तेथे आहे. किल्ला पाहून झाल्यावर तिच्या बाहेरून जाताना आतील जुने वृक्ष पाहावेत. ते बागेच्या काळातले असोत वा नंतरचे, सावली मात्र बागेचीच आहे.

भायखळ्याच्या बागेत फाटकातून शिरताच गर्दीबरोबर पिंजऱ्यांकडे वळू नये. डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, गोरखचिंचेची प्रचंड बुंध्यांची झाडे आणि १८७२ मध्ये खुले झालेले आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एवढे पाहायलाच अर्धा दिवस लागतो. संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीमुळे पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तोच हा. १८१४ मध्ये तो कोसळला, १८६४ मध्ये त्याचे तुकडे येथे आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे. लोक फोर्टात काळा घोडा शोधतात आणि मूळ घोडा भायखळ्यात असतो.

आणखी एक दुवा सांगतो आणि थांबतो. फोर्टमधील फ्लोरा फाउंटन हे कारंजे मुळात या भायखळ्याच्या बागेसाठी आखले होते. ते तेथे न जाता कोटाच्या पाडलेल्या चर्च गेटच्या जागी उभे राहिले. फुलांची रोमन देवता रस्त्यांच्या चौकात का उभी आहे, याचे उत्तर एवढेच.

खंदकाकाठी

बागवान यांनी चर्च गेटचा उल्लेख केल्यामुळे माझे काम सोपे झाले. या चर्चेत मुंबईचा सर्वांत मोठा किल्ला अजून आलेलाच नाही. ज्याला आपण रोज फोर्ट म्हणतो, तो.

गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१५ नंतर, या कोटाचे तट उभे राहिले. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात फ्रिअरने तट पाडून टाकले, खंदक बुजवले आणि त्या जागेवर आजचे उच्च न्यायालय, विद्यापीठ, टपाल आणि तार कचेऱ्या यांची रांग उभी राहण्यास वाट मोकळी झाली. आज तट पाहायचा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १७६९ च्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा एक तुकडा शिल्लक आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे कार्यालय त्यातच आहे. कोटाच्या पोटातले सर्वांत जुने ठाणे, म्हणजे बॉम्बे कॅसल, नौदलाच्या हद्दीत आयएनएस आंग्रेमध्ये असल्यामुळे सामान्य प्रवाशाला तेथे प्रवेश नाही. इंग्रजांच्या त्या किल्ल्याला आता आंग्रे यांचे नाव आहे, याची नोंद गडवाट यांनी अवश्य घ्यावी.

परंतु मला लिहायचे आहे ते मैदानांविषयी. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने कोणी उदार नगररचनाकाराने खेळासाठी राखून ठेवलेली नाहीत. तटावरच्या तोफांना समोर अडथळा नको, शत्रूला आडोसा मिळू नये, म्हणून कोटाबाहेरची झाडे आणि घरे हटवून जो मोकळा पट्टा राखला गेला, त्याचे हे उरलेले भाग आहेत. किल्ला गेला आणि त्याची मोकळी जागा राहिली. ओव्हलच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि पश्चिमेला आर्ट डेको इमारती अशी जी मांडणी २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, ती या पट्ट्यामुळेच शक्य झाली. नातीला हे ओव्हलच्या मधोमध उभे करून सांगावे. हॉर्निमन सर्कलचीही गोष्ट अशीच आहे. कोटाच्या आतील मोकळ्या हिरवळीवर कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८७२ च्या सुमारास तेथे गोलाकार बाग पुरी झाली आणि स्वातंत्र्यानंतर तिला संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

परळगाव

राजवाड्यांचा प्रश्न धागाकर्त्यांनी विचारला होता आणि त्याकडे कोणी वळले नाही, कारण मुंबईला राजा नव्हता. येथे व्यापारी होते आणि गव्हर्नर होते. तेव्हा राजवाड्याची हौस गव्हर्नरांच्या निवासावर भागवावी लागेल.

जुना गव्हर्नर निवास परळला होता. मूळची जेझुइट पाद्र्यांची वास्तू इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी ताब्यात घेतली आणि पुढे गव्हर्नर तेथे राहू लागले. १८७५ मध्ये मुंबईत आलेला इंग्लंडचा युवराज येथेच उतरला होता. बागवान यांच्या काळ्या घोड्यावर बसलेला एडवर्ड तो हाच. त्यानंतर काही वर्षांतच एका गव्हर्नरच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिलच्या टोकाचा आश्रय घेतला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये ही वास्तू वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला मिळाली. आजची हाफकिन संस्था तीच. रोगाच्या भीतीने रिकाम्या झालेल्या वाड्यात लस तयार होऊ लागली, ही घटना मला कोणत्याही दरबाराच्या वर्णनाहून मोलाची वाटते. संस्था चालू असल्यामुळे आत जाण्यास परवानगी लागते. केवळ बाहेरून पाहण्यासाठी वेगळी फेरी करू नये.

मलबार हिलवरील राज्यपालांच्या निवासस्थानी मात्र आगाऊ नोंदणी करून जाता येते. २०१६ मध्ये तेथे जमिनीखाली ब्रिटिशकालीन बंकर सापडला आणि २०१९ पासून तो पाहण्यास खुला झाला. नोंदणी मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास जवळच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजेच हँगिंग गार्डनमध्ये जावे. माझगावप्रमाणे तीही बाग जलाशयाच्या माथ्यावरच आहे. दाट वस्तीच्या या शहरात बागेसाठी जमीन मिळते ती बहुधा पाण्याच्या टाकीवर.

डोंबिवलीकर_आजी

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. एक विचारते. काका-काकूंचे वय काय आहे आणि त्यांचे गुडघे कसे आहेत? माहितीची कमतरता या धाग्यात मुळीच नाही, परंतु शीवच्या टेकडीच्या पायऱ्या आणि शिवडीचा चढ एकाच दिवशी घालणे मला तरी जमले नसते. दुपारी विसाव्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे, हेही कोणीतरी लिहावे.

शीवचा रहिवासी

आजी, आपण योग्य वेळी आठवण दिलीत. काका सत्तरीचे आहेत, चालतात चांगले. काकूंना मात्र चढ नको. शीवला पायथ्याशीच जवाहरलाल नेहरू उद्यान आहे, तेथे काकू बसतील आणि आम्ही वर जाऊन येऊ. वांद्र्याच्या किल्ल्याला गाडी जवळपर्यंत जाते, शेजारी बाग आणि खुले प्रेक्षागृह आहे, त्यामुळे तेथे अडचण दिसत नाही.

मोहोलकर

वरळीच्या किल्ल्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पोर्तुगिजांचा म्हणून पुष्कळ जण त्याची ओळख करून देतात, परंतु तो १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला आहे. वाट कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून जाते. त्या गल्ल्या म्हणजे लोकांची अंगणे आहेत, हे ध्यानात ठेवून घरांची आणि माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हीच विनंती काळ्या किल्ल्याबद्दलही. वस्ती पाहायला म्हणून नव्हे, शिलालेख वाचायला म्हणून तेथे जावे. वरळीच्या बुरुजावरून माहीमचा उपसागर, सागरी सेतू आणि पलीकडचे वांद्रे एका नजरेत येते, त्यामुळे माहीम आणि वांद्रे यांची जोडी दाखवण्याआधी हे ठिकाण घेतले, तर समजावण्याचे अर्धे काम आपोआप होते. माहीमच्या किल्ल्यावरील अतिक्रमणे अलीकडे हटवली गेली आहेत. आत जाता येते का, हे निघण्याआधी पाहून घ्यावे. पाण्याच्या बाजूने त्याचा तट चांगला दिसतो.

गडवाट

धागाकर्त्यांना एक सुचवतो. उत्तरेची फळी एका दिवशी घ्यावी : सकाळी उन्हाआधी शीव, मग काळा किल्ला, तेथून जवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात विसावा, कारण कचराभूमीवर उभे केलेले ते वन स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. दुपारनंतर वरळी आणि माहीम करून सूर्यास्ताला वांद्रे. पूर्वेची फळी दुसऱ्या दिवशी : शिवडी, माझगाव, राणीचा बाग आणि संध्याकाळी ओव्हल. वसईसाठी त्यांना पुन्हा बोलवावे, तेव्हा मी स्वतः बरोबर येईन.

शीवचा रहिवासी

आपला क्रम जसाच्या तसा स्वीकारतो. फक्त वरळी वगळावे लागेल असे दिसते, कारण काकूंना घेऊन दुपारच्या वाहतुकीत तेवढे अंतर दोनदा कापणे कठीण आहे. मंगळवारी उत्तर आणि बुधवारी पूर्व, असे ठरवत आहे.

बागवान

बुधवारी राणीचा बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद असतात. पूर्वेची फेरी मंगळवारी करून उत्तरेची बुधवारी ठेवा, आणि शिवडीला निघण्यापूर्वी त्या दिवसाची ओहोटीची वेळ पाहून घ्या.